कॅसची फाइल बांधताना ग्रंथालयाकडून काय काय करून घ्यावं

बढतीच्या फायली तपासणाऱ्या कॅम्पचं पत्र आलं की प्राध्यापक ग्रंथालयात येतात, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कॅसच्या, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम या शिक्षकांच्या बढती योजनेच्या फायली आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे, जाण्याआधी माझ्या टेबलावर थांबतात. मनापासून शिकवणाऱ्या, धडपडत संशोधन करणाऱ्या माणसाची स्थाननिश्चिती (बढती) एखाद्या अनुक्रमणिकेच्या पानापायी अडकते तेव्हा जीव हळहळतो. ते पान मिळवणं अवघड नव्हतं, फक्त वेळेवर मिळवायला हवं होतं. म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे की शोधनिबंध छापून आला की त्याच आठवड्यात ग्रंथालयात या. पुरावे सांभाळण्याचं काम आमच्यावर टाका. कागद नीट लावून ठेवणं, नोंद करणं, मागितल्यावर काढून देणं हा आमचा पेशाच आहे.

आधी नियम थोडक्यात

सध्याच्या फायलींचा पाया म्हणजे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, १८ जुलै २०१८ चे विनियम. महाराष्ट्र शासनानं ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं लागू केले. महाविद्यालयीन शिक्षकाला लेव्हल १० (सहायक प्राध्यापकाची पहिली वेतनश्रेणी) वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षं लागतात. ११ वरून १२ ला ५ वर्षं. १२ वरून १३ए ला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला, ३ वर्षं आणि पीएचडी. तिथून १४ ला, म्हणजे प्राध्यापक व्हायला, आणखी ३ वर्षं. या शेवटच्या टप्प्याला एकूण १० शोधनिबंध लागतात, त्यातले ३ मूल्यांकनाच्या काळातले, आणि विनियमांतल्या तक्ता २ प्रमाणे किमान ११० संशोधन गुण.

खालच्या लेव्हलच्या नव्या सहकाऱ्यांना वाटतं की आपल्याला निबंधांची घाई नाही. पण तक्ता १ मधल्या कामांच्या यादीत ‘एकट्यानं किंवा जोडीनं लिहिलेला किमान एक निबंध’ हेही कलम आहे. शिवाय लेव्हल १४ ला लागणारे १० निबंध साऱ्या नोकरीतले मोजले जातात. आज छापलेल्या पहिल्या निबंधाचा कागद बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा टेबलावर यायचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं नव्या विनियमांचा मसुदा काढला. त्यावरून स्टाफरूममध्ये बऱ्याच अफवा फिरल्या. मसुद्यावर फाइल बांधू नका. आपल्या देय दिनांकाला, म्हणजे बढती ज्या तारखेला देय होते तेव्हा, कुठला नियम लागतो हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्या आणि तो कागद फायलीत पहिला लावा.

निबंध पाठवण्याआधी

ग्रंथालयाची सगळ्यात मोठी मदत इथे होते, आणि नेमकी इथेच ती कोणी मागत नाही. निबंध लिहून झाल्यावर पण पाठवण्याआधी नियतकालिकाचं नाव आम्हाला सांगा. अर्ध्या तासाचं काम असतं.

मी सुरुवात आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकापासून करते. आठ अंकांचा हा क्रमांक खोटा असेल तर बऱ्याचदा कागद-पेन्सिलीनंच कळतं. उदाहरण म्हणून ‘करंट सायन्स’ घ्या, त्याचा क्रमांक ००११-३८९१. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं. ०, ०, ६, ५, १२, २४, १८ असे गुणाकार येतात, त्यांची बेरीज ६५. ६५ ला ११ नं भागलं की बाकी १०. ११ मधून १० वजा केले की १ उरतो, आणि आठवा अंक १ च आहे. क्रमांक जुळला. वजाबाकीचं उत्तर १० आलं तर शेवटी रोमन एक्स छापतात, आणि बाकी शून्य आली तर शेवटचा अंक ०. मनानं रचलेला क्रमांक या हिशेबात सहसा टिकत नाही.

क्रमांक जुळला म्हणजे नियतकालिक चांगलं, असं मात्र नाही. आयएसएसएन ही नुसती ओळख असते, तो दर्जाचा शिक्का नव्हे. म्हणून पुढची पायरी आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर तो क्रमांक टाकून शीर्षक आणि बाकी नोंद जुळते का हे पाहण्याची. इथे नकली नियतकालिकं सापडतात. एखादं जुनं, प्रतिष्ठित, फक्त छापील निघणारं नियतकालिक असतं, त्याची स्वतःची वेबसाइट नसते. कोणीतरी त्याच नावानं, त्याच क्रमांकानं वेबसाइट काढतं आणि पैसे घेऊन निबंध टाकतं. प्रादेशिक भाषांतल्या नियतकालिकांच्या बाबतीत हे फार झालंय. खात्रीचा मार्ग एकच: आमच्याकडे मूळ छापील अंक असेल तर त्यावरच्या संपादकीय पत्त्यावर फोन करून विचारायचं. असे फोन मी करते. संपादक मंडळी आनंदानं बोलतात, कारण त्यांचंही नाव खराब होत असतं.

त्यानंतर संपादक मंडळातल्या दोन-तीन माणसांची नावं त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर तपासायची. मागचे दोन अंक उघडून बघायचे. एकाच अंकात शेतीपासून संगीतापर्यंत सगळं असेल, ‘तीन दिवसांत स्वीकृती’ लिहिलेलं असेल आणि शुल्काचा आकडा मुखपृष्ठावरच असेल, तर पाठवू नका. मी ‘नको’ म्हटल्यावर काही सहकारी नाराज होतात, पण हा हट्ट मी सोडत नाही. यूजीसीनं २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली होती. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातल्या, विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी केली. निकषांत बसली फक्त ११२. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्येच छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. त्यांत निबंध छापलेल्या प्रामाणिक शिक्षकांचे किती हाल झाले ते मी जवळून पाहिलंय.

पुढे जून २०१९ मध्ये यूजीसी-केअर ही दर्जेदार नियतकालिकांची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केली. आता केंद्रीय यादी नाही. नियतकालिक कसं निवडावं याचे सुचवलेले निकष आहेत आणि ते लावण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. म्हणजे पूर्वी यादीत नाव दाखवलं की विषय संपायचा, आता ‘हे नियतकालिक आम्ही का धरलं’ हे आपणच लिहून ठेवायला हवं. मी यासाठी एक पानी तपासणी पत्रक करते. नियतकालिकाचं नाव, क्रमांक पडताळल्याची तारीख, संपादक मंडळ, समीक्षेची पद्धत कुठे लिहिली आहे, नैतिक धोरण, जुने अंक उपलब्ध आहेत का, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय संदर्भसूच्यांमध्ये आहे का, डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत आहे का, शुल्क किती. खाली माझी आणि संशोधन समितीच्या समन्वयकांची सही. निबंध पाठवण्याच्या तारखेचं हे पत्रक फायलीत असलं की पाच वर्षांनी ते नियतकालिक घसरलं तरी तुम्ही त्या वेळी काय पाहून निर्णय घेतला हे समितीला दाखवता येतं.

छापून आल्यावर

ज्या आठवड्यात निबंध येईल त्याच आठवड्यात ग्रंथालयात एक संच द्या. मुखपृष्ठ, संपादक मंडळ आणि आयएसएसएनचं पान, अनुक्रमणिका, निबंधाची सगळी पानं. निबंध ऑनलाइन असेल तर पीडीएफ, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), आणि त्या पानाचा असा स्क्रीनशॉट की ज्यात तारीख आणि पत्ता दोन्ही दिसतील. स्वीकृतीचं ईमेल, आणि समीक्षकांचे शेरे असलेलं ईमेल असेल तर तेही. ‘समीक्षित नियतकालिक’ या शब्दांना त्याहून चांगला पुरावा नाही, आणि लोक नेमकं तेच ईमेल पुसून टाकतात.

२०१९ ते २०२५ या काळातल्या निबंधांना आणखी एक कागद लागतो. केअर यादी ठरावीक काळानं बदलत असे. प्रत्येक नियतकालिकाच्या नोंदीत ते यादीत कधीपासून कधीपर्यंत होतं याची ओळ असायची. निबंध ऑक्टोबरच्या अंकात आणि नियतकालिक सप्टेंबरला बाहेर, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. त्या ओळीची प्रिंट ज्यांनी काढून ठेवली त्यांचं काम सोपं. ज्यांनी ठेवली नाही त्यांनी आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. बऱ्याच ग्रंथपालांनी त्या त्या वेळच्या याद्या उतरवून ठेवलेल्या आहेत.

वेबसाइटच बंद पडली तर? आमच्या एका मॅडमचा निबंध फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात होता आणि ते संकेतस्थळ दोन वर्षांत गायब झालं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकला तेव्हा त्या अंकाची अनुक्रमणिका निघाली, पान क्रमांकासकट. निबंधाची पीडीएफ त्यांच्याकडे होती, म्हणून निभावलं. हे नशिबावर सोडायला नको. त्याच वेबॅक मशीनमध्ये आपण स्वतः एखादं पान साठवायला सांगू शकतो. निबंध आला की मी त्याचं पान आणि अनुक्रमणिका तिथे जमा करून टाकते, आणि मिळालेला कायमचा पत्ता नोंदवहीत लिहिते. पाच मिनिटं लागतात.

आपल्या नावाचा गोंधळ

एस. आर. पाटील या नावानं शोधलं तर किती माणसं निघतील याचा विचार करा. त्यात एखाद्या निबंधावर आडनाव आधी, एखाद्यावर वडिलांचं नाव पूर्ण, एखाद्यावर फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचा प्रश्न याहून मोठा. माहेरच्या नावानं छापलेले सुरुवातीचे निबंध ‘हे तुमचेच कशावरून’ या प्रश्नावर अडतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी दाखला फायलीत जोडा. पण त्याहून आधी ग्रंथालयात बसून ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून घ्या. हा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, त्यात आपली सगळी जुनी-नवी नावं एकाच खात्यावर नोंदवता येतात, आणि बरीच नियतकालिकं तो निबंध पाठवतानाच विचारतात. नोकरीत लागल्याच्या पहिल्या वर्षी प्रत्येक शिक्षकाचं ऑर्किड व्हावं असा माझा आग्रह असतो. नंतर इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राच्या विद्वान या तज्ज्ञसूचीत नोंद आणि गूगल स्कॉलरचं खातं. गूगल स्कॉलर निबंध आपोआप जोडत जातं आणि दुसऱ्या पाटलांचे निबंधही आणून टाकतं, म्हणून आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवा. समितीतला एखादा सदस्य समोर बसून मोबाइलवर तुमचं खातं उघडतो, तेव्हा तिथे रसायनशास्त्राचा निबंध दिसणं इतिहासाच्या शिक्षकाला परवडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

मराठी, इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य यांत काम करणारे सहकारी मला म्हणतात, आमच्या कामाचे संदर्भ कुठे दिसतच नाहीत. खरंच दिसत नाहीत. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये मराठी नियतकालिकं जवळपास नाहीत. पण दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. शोधावं लागतं, आणि ग्रंथपालाला ते शोधता येतं.

शोधगंगा या भारतीय पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून आपल्या विषयातले मराठी प्रबंध काढा. तिथे आपलं नाव टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही. कारण बरेच मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा स्कॅन करून टाकलेले आहेत, त्यांच्या आतला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. म्हणून विषयावरून प्रबंध निवडायचे, प्रत्येकाची संदर्भसूचीची फाइल उघडायची आणि डोळ्यांनी वाचायची. शोधगंगेवर प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतात, त्यामुळे शेवटची संदर्भग्रंथांची फाइल तेवढी उतरवली की काम होतं. आमच्या मराठी विभागातल्या एका सरांचं दलित आत्मकथनांवरचं पुस्तक आहे, त्याचा शोध मी असाच घेतला. सूचीनंतर सूची वाचत गेल्यावर वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या प्रबंधांत त्यांचं नाव सापडत गेलं. प्रत्येक ठिकाणचं सूचीचं पान आणि त्या प्रबंधाचं मुखपृष्ठ जोडून छोटा अहवाल केला. सरांना स्वतःलाही माहीत नव्हतं की आपलं पुस्तक इतकं वाचलं गेलंय. तक्ता २ मध्ये याला वेगळे गुण नाहीत, तरीही मुलाखतीत या अहवालाचं वजन पडतं, आणि माणसाला स्वतःच्या कामाबद्दल जे बळ येतं ते निराळंच.

पुस्तकाबाबत आणखी काय गोळा करावं? विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातल्या संदर्भग्रंथांच्या याद्या, मासिकांतली आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं, मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीतल्या नोंदी. परीक्षणांची कात्रणं आम्ही मूळ अंकाचं नाव, तारीख, पान यांसह ठेवतो. नुसतं कात्रण, तारखेशिवाय, कुणाच्या उपयोगाचं नाही. आयएसबीएन तपासून घ्या. छपाईच्या घाईत अंक चुकतात, आणि एकच क्रमांक दोन पुस्तकांवर आलेलाही मी पाहिलाय. चुकला असेल तर प्रकाशकाकडून दुरुस्तीचं पत्र घ्या.

परदेशात शिकवणाऱ्या मराठी मंडळींच्याही हे उपयोगाचं आहे. अमेरिकेत टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणुकीची, वाट सहा-सात वर्षांची असते. तिथल्या प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनातच परिवीक्षेची मुदत सात वर्षांच्या आत असावी असं म्हटलंय. तिथे आपल्यासारखा गुणांचा तक्ता नसतो, विद्यापीठाबाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवतात. म्हणून विषय-ग्रंथपाल उमेदवाराला संदर्भांचा अहवाल करून देतात आणि वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीवरून त्याचं पुस्तक कुठल्या कुठल्या ग्रंथालयांनी घेतलंय तेही काढून देतात. वर्ल्डकॅटवर मराठी पुस्तकंही सापडतात. आपल्या पुस्तकाचं नाव रोमन लिपीत, वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकून बघा.

गुणांचा हिशेब एकदा समोरासमोर

तक्ता २ प्रमाणे शोधनिबंधाला विज्ञान, अभियांत्रिकी वगैरे शाखांत ८ आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य वगैरेंत १० गुण. पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचं असेल तर १२, राष्ट्रीय प्रकाशकाचं असेल तर १०. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५. अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला किंवा निबंधाला ३. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३०-३० टक्के.

आता लेव्हल १४ साठी आलेली एक फाइल डोळ्यांसमोर आणू. मराठीच्या शिक्षिका आहेत. एकटीनं लिहिलेले ६ निबंध, म्हणजे ६०. दोघींनी मिळून लिहिलेले ४, प्रत्येकी ७ प्रमाणे २८. राष्ट्रीय प्रकाशकाचं एक पुस्तक १०, एक प्रकरण ५, एक अनुवादित पुस्तक ८. बेरीज १११. निबंध १० झाले, गुण ११० च्या वर गेले. सगळं जमलं असं वाटतं, पण फाइल अडते. कारण गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यायला हवेत, आणि इथे प्रकार दोनच झाले: शोधनिबंध, आणि पुस्तकं-अनुवाद. राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरचं एक निमंत्रित व्याख्यान, २ गुणांचं का असेना, तिसरा प्रकार उघडतं. ते व्याख्यान त्यांनी दिलेलंही असतं, फक्त आभाराचं पत्र कुठेतरी घरी पडलेलं असतं. म्हणून मी व्याख्यानांची पत्रंही निबंधांबरोबर ग्रंथालयात जमा करायला सांगते. दुसरी गोष्ट लक्षात ठेवा: निमंत्रित व्याख्यानं आणि धोरणविषयक दस्तऐवज यांचे मिळून गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरतात. व्याख्यानांवर फाइल उभी राहत नाही.

विनियमांत इम्पॅक्ट फॅक्टरसाठी, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यासाठी, वाढीव गुण आहेत. तिथे थॉमसन रॉयटर्सच्या यादीचा उल्लेख आहे. तो व्यवसाय २०१६ पासून क्लॅरिव्हेटकडे आहे आणि आकडे त्यांच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये येतात. मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.२’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी तो आकडा या अहवालातला नसेल तर तो धरू नका. छोट्या महाविद्यालयांकडे हा अहवाल नसतो. नियतकालिकाच्या अधिकृत पानावर वर्षासह दिलेला आकडा घ्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून पडताळून मागा. कोल्हापूरला बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, पुण्याला जयकर ज्ञानस्रोत केंद्र, अशा ठिकाणी संलग्न महाविद्यालयांच्या शिक्षकांनी संकोच न करता चौकशी करावी.

साम्य अहवाल

यूजीसीच्या २०१८ च्या साहित्यचौर्यविरोधी विनियमांत आधी छापलेल्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे पुढचे स्तर आहेत. अवतरणचिन्हांतला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांची कलमं हे मोजत नाहीत, आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य जुळणीही सोडून देतात. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून अहवाल काढताना या गाळण्या लावल्या आहेत का ते बघा, नाहीतर २३ टक्के पाहून उगाच घाबराल. मराठी निबंध जुन्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर यंत्राला अर्थहीन अक्षरं दिसतात आणि शून्य टक्के साम्य येतं, ज्याला काही अर्थ नाही. स्वतःच्याच जुन्या निबंधाचे परिच्छेद नव्यात घालण्याबद्दलही यूजीसीनं एप्रिल २०२० मध्ये स्वतंत्र सूचना काढली आहे. परिसंवादाच्या ग्रंथात आलेला निबंध थोडा फिरवून नियतकालिकात देण्याची सवय सोडा. तसाही एकच निबंध दोन ठिकाणी गुणांसाठी धरत नाहीत.

वाचायला साहित्य कुठून आणायचं याबद्दल फार लिहीत नाही. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ऑनलाइन नियतकालिकांची आणि पुस्तकांची सेवा आहे, तिचं लॉगिन मागून घ्या. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं आहेत. तरीही एखादा निबंध मिळाला नाही तर लेखकालाच ईमेल लिहा. मसुदा मी करून देते.

ग्रंथपाल सहकाऱ्यांना

हे सगळं मनुष्यबळाशिवाय कसं करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पदच वर्षानुवर्षं रिकामं आहे, एका परिचरावर सारं चाललेलं असतं. तरी एक साधी स्प्रेडशीट आजपासून उघडा. शिक्षकाचं नाव, ऑर्किड, देय दिनांक, निबंधाचं शीर्षक, नियतकालिक, आयएसएसएन, अंकाची तारीख, लेखकसंख्या, आपल्या शिक्षकाचा क्रम, पुरावा कुठल्या बॉक्समध्ये. हीच माहिती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, संशोधनाच्या निकषाला लागते, त्यामुळे प्राचार्यांना पटवणं सोपं जातं. देय दिनांकाच्या दोन वर्षं आधी त्या शिक्षकाला बोलावून यादी समोर ठेवा आणि काय कमी आहे ते सांगा. दोन वर्षांत चांगला निबंध लिहून, समीक्षेतून जाऊन छापून येऊ शकतो. दोन महिन्यांत फक्त पैसे देऊन छापून येतो.

मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मागायला लोक येतात, कधी वरिष्ठही सांगतात. देऊ नका. त्या सहीखाली आपलं नाव असतं आणि चौकशी लागली तर त्या शिक्षकाचीही नोकरी पणाला लागते. नकार देताना बरोबर पर्याय द्या: ‘सर, हे धरता येणार नाही, पण तुमचा संपादित ग्रंथातला लेख यादीत आलेलाच नाही, त्याचे ५ गुण आहेत.’ मी प्रत्येक वेळी आधी असा राहून गेलेला कागद शोधते, आणि तो बहुधा सापडतो. आपल्या स्वतःच्या कॅसची फाइलही याच स्प्रेडशीटमध्ये ठेवा. ग्रंथपालांसाठी विनियमांत वेगळा तक्ता आहे, आणि दुसऱ्यांचे कागद लावताना आपले राहून जातात.

स्थाननिश्चिती झाली, वेतननिश्चितीसाठी फाइल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात गेली, की तिची पूर्ण प्रत ग्रंथालयात परत जमा करा. आणि तारखांकडे लक्ष द्या. पुढचा मूल्यांकन काळ तुमच्या देय दिनांकापासून सुरू होतो. आदेश हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. कॅम्प लांबला असेल तर मधल्या काळात छापलेले निबंध पुढच्या टप्प्याचे आहेत. ते आधीच्या फायलीत लावून खर्च करू नका, नव्या बॉक्समध्ये ठेवायला सांगा.